डोळ्याला न दिसणारी पन्नी

आमच्या घरच्यांना दूध आणायला पाठवा. वाटेत ते दोनदा वास घेतील, एकदा बोट बुडवून पाहतील आणि घरी येऊन मला सांगतील, "कुंता, आधी तापवून पाय. मले काही खरं वाटत नाही." आणि दूध कुठलं? यांच्याच सख्ख्या भावाच्या गोठ्यातलं!

चैनलाल पटले म्हणतात त्यांना. सौंदड गावात लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, की या माणसाला 'हौ' म्हणायला लावणं महाकठीण. आमच्या लग्नात अंतरपाट सरकला तेव्हा यांनी माझं तोंड असं काही निरखलं, की माझी मामी घाबरून गेली. पुढं मी विचारलं तर म्हणाले, "दाखवली होती तेच पोरगी हाय का नाही, थे पाहून राहिलो होतो." आता बोला! मी तेव्हाच उठून माहेरी जायला पाहिजे होतं.

पण एक सांगते. हा माणूस जन्मतः असा नव्हता. यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. लग्नाआधी धान मळताना ट्रॅक्टरच्या पट्ट्यात गेलं. पट्ट्यात अडकलेली दोरी काढायची होती. यांनी विचारलं, इंजिन बंद केलं का? वरून कोणीतरी म्हणालं, केलं. यांनी मान्य केलं आणि हात घातला. तेव्हापासून दुसऱ्यानं सांगितलेलं काहीच यांच्या गळी उतरत नाही. स्वतःच्या डोळ्यानं दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, एवढाच यांचा हिशेब.

आणि अशा माणसाच्या नशिबी काय यावं? तर डोळ्याला न दिसणारी पन्नी.

हे आधी ट्रक चालवायचे. मग आमच्या गावाबाहेर ज्यांची राइस मिल आहे, त्या घनश्याम शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागले. शेठ आमच्याच पोवार जातीचे, माणूस मोकळा, पण रागाचा आणि मोठेपणाचा. मागच्या वर्षी त्यांनी एक पांढरीशुभ्र मोठी गाडी घेतली. परदेशी. नाव मला आजही नीट घेता येत नाही. ती गाडी मिलच्या आवारात आली त्या दिवशी हमालांनी पोती टाकून दिली आणि पाहायला धावले. धानाचा कोंडा उडून गाडीवर बसेल म्हणून शेठनं त्या दिवशी मिलच बंद ठेवली.

आता गाडी घेतली, पण रस्ता तर तोच ना! हायवेनं कोहमाऱ्याकडून साकोलीकडं निघालं, की पुढं गिट्टीचे टिप्पर. वर ताडपत्री नाही, मागचा फाळका ढिला. एक एक खडा टणाटण उडत येतो. शेठच्या जुन्या गाडीच्या बोनेटवर अशा खड्यांनी देवीचे वण पडावेत तसे टवके उडालेले. नव्या गाडीचं तसं झालं तर शेठचा जीवच जायचा. कोणीतरी त्यांना सांगितलं, की गाडीवर पारदर्शक प्लास्टिकची पन्नी लावून मिळते. जाड, चिवट, अंगाला कातडी असते तशी. खडा बसला तर पन्नीवर बसतो, रंगाला काही होत नाही. आणि लावल्यावर दिसत नाही.

"लावल्यावर दिसत नाही," हे यांनी ऐकलं मात्र, आणि माझ्या घरातली शांतता गेली.

पन्नी लावायचं काम रंजिताकडं गेलं. ही रंजिता म्हणजे आमच्या कुसुमबाईची पोरगी. कुसुमबाई बौद्धवाड्यातली, मी इकडच्या टोलीतली, पण आम्ही दोघींनी एका सावलीत बसून कितीतरी वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता. रंजिता आमच्या दोघींच्या मधात बसून पत्ता कापायची. पानाची शीर कैचीखाली येऊ द्यायची नाही. बीडीचं तोंड बोटात घातलेल्या पत्र्याच्या नखीनं असं आत मोडायची, की पाहणाऱ्याला काठ सापडू नये. मोठी झाल्यावर पुण्याला गेली, गाड्यांच्या मोठ्या दुकानात हे पन्नीचं काम शिकली, आणि परत येऊन कोहमाऱ्याच्या चौकाजवळ, ढाब्यांच्या रांगेत तिनं आपलं दुकान टाकलं. एक शेड, पाण्याची मोटर, गरम हवेची मशीन, रबरी पट्ट्या आणि ती एकटी. आधी लोक हसले. बाई काय गाडीला पन्नी लावते? मग नागपूर-रायपूर करणारे एकदोन गाडीवाले थांबले, मग साकोलीचे एक डॉक्टर आले, आणि मग घनश्याम शेठ. शेठची गाडी तिच्या हातून चांगली झाली, तर इकडचे सगळे मिलवाले तिच्याकडे येणार होते. नाही झाली, तर एकही येणार नव्हता. हे तिलाही ठाऊक होतं, कुसुमलाही आणि मलाही.

काम चाललं तेवढे दिवस हे तिथं बादली उलटी टाकून बसले. रंजिता साबणाचं पाणी मारायची, पन्नी अंथरायची, रबरी पट्टीनं खालचं पाणी काढत न्यायची, काठ आत मोडायची. हे डोळे फाडून पाहायचे. तरी घरी आले आणि म्हणाले, "जेवाले गेलो होतो तेवढ्या टायमात तिनं काय केलं, कोनाले माहीत?"

"मग जेवायचं नव्हतं," मी म्हटलं.

"डिक्कीवर लावली का नाही, मले शंका हाय. बोनेटवर लावली असल. सामनेच्या सामने दिसते तिकडं लावली, अन् मांगं पुसून देल्ली."

"अजी, पण ते दिसतच नाही म्हणता, मग लावलं ते कसं दिसलं?"

"थेच तं! थेच तं मी सांगून राहिलो!"

आता या माणसासमोर डोकं आपटावं का भिंतीवर आपटावं, तुम्हीच सांगा. रोज सकाळी गाडी पुसताना नख लावून काठ शोधायचे. काठ सापडायचा नाही. तो आत मोडलेला, बीडीच्या तोंडासारखा. जितका सापडेना, तितका यांचा संशय वाढे. एकदा मला राहवलं नाही. मी तोंडावरच विचारलं, "काहो, गोंदियातल्या एखाद्या शेठच्या पोरानं हे दुकान टाकलं असतं, तर एवढं नख घासलं असतं का तुम्ही? बाई आहे म्हणून घासता, का कुसुमची पोरगी आहे म्हणून?"

हे भडकले. ताट सरकवलं. "मी जातपात पायत नाही अन् बाई-मानूसबी पायत नाही. मी सगळ्यायवर सारखाच संशय घेतो!"

आणि हे मात्र खरं आहे. यांच्या सख्ख्या भावाला विचारा.

त्यातच शेठच्या कामानं हे गोंदियाला गेले, आणि तिथं गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात पन्नीची चौकशी करून आले. तो दुकानदार म्हणाला, "असली है तो कुछ नहीं होगा. नकली रहेगी तो पीली पड़ेगी. देख लेना भाईसाब." बस. त्या 'पीली'नं यांच्या डोक्यात घर केलं, आणि यांनी महिनाभर शेठचंही डोकं खाल्लं. आता रोज सकाळी नखाऐवजी डोळे. गाडीला सावलीत पाहायचं, उन्हात पाहायचं, वाकून पाहायचं. कुठं पिवळी दिसते का? दिसत नव्हती. आणि न दिसल्याचं यांना जरासुद्धा समाधान नव्हतं. पाऊसकाळ सरला, टिप्परचे खडे टणाटण बसले, रंगाला काही झालं नाही. शेठ खूश. हे नाखूश.

मग दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला गाडीची पूजा ड्रायव्हरनं करायची असते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळीकडं असतं तेच. पण आमचे घरचे त्यात आणखी एक करतात. माझे सासरे सणाला बैलाच्या पाठीवर हाथा उमटवायचे. म्हणजे तळहात रंगात बुडवून बैलाच्या पाठीवर दाबायचा, पाची बोटं उमटली पाहिजेत. बैल गेले, पण यांनी हाथा सोडला नाही. ट्रकला लावला, शेठच्या जुन्या गाडीला लावला. ओली हळद वाटून, त्यात तीळतेल घालून. पुसला की निघून जातो, मागं काही राहत नाही. या गाडीलाही त्यांनी बोनेटच्या मधोमध लावला, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसला. मिलच्या शेडमधल्या अंधारात पुसला. लगेच धानाचा हंगाम लागला. कोंडा-धूळ नको म्हणून शेठनं नवी गाडी झाकून शेडमध्ये ठेवली आणि स्वतः जुनी गाडी वापरू लागले.

दिवाळी झाली. यांनी गाडीवरचं कापड काढलं, गाडी उन्हात आणली आणि तिथून तसेच धावत घरी आले. मी चुलीवर भात ठेवला होता. दारातच उभे राहून म्हणाले, "कुंता! पिवळी पडली!"

खरं सांगते, पोरगं पास झाल्यावर बापाचं तोंड फुलावं तसं यांचं तोंड फुललं होतं. मला एवढा राग आला, की हातातलं उलथनं मी आपटलं.

"तुम्हाला आनंद कशाचा झाला? त्या पोरीचं वाटोळं व्हायचं आहे!"

"आनंद नाही झाला. मी सांगतलं होतं का नाही, येवढंच मनतो."

मिलवर जाऊन मीही पाहिलं. बोनेटच्या मधात पिवळट डाग होता, सांडलेल्या वरणासारखा पसरट. पांढऱ्या गाडीवर लपेल कसा? यांनीच शेठना बोलावून तो दाखवला आणि शेठचा पारा चढला. "मला फसवलं! त्या पोरीनं मला नकली माल चिकटवला! सगळ्या मिलवाल्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकतो. कोहमाऱ्यात तिचं शटर उघडलं तर नाव बदलीन!" फोन केला, उद्याच गाडी घेऊन येतो म्हणाले.

त्या दिवशी दुपारी कुसुमबाई माझ्या अंगणात आली. पायरीवर बसली नाही, उभीच राहिली. बरोबर बिड्या वळणारी ही बाई, माझ्या बाळंतपणात माझ्या उशाशी बसलेली, आणि आज माझ्या अंगणात परक्यासारखी उभी.

"कुंता," ती म्हणाली, "माझ्या पोरीनं खोटं काम केलं असतं, तं मी तुझ्या दारात पाय ठेवला नसता. पन तिलेच समजून नाही राहिलं, का झालं. मनते, माल देनाऱ्या नागपूरवाल्यानं मलेच नकली गुंडाळी देल्ली असल. जेवली नाही. दुकान बंद करून पुन्याले जातो मनते."

"बस आधी."

"नाही बसत. चैनलालजीले इचार. त्यायनं शेठले सांगाच्या आधी पोरीले एक सबूद इचाराचा होता."

यांची बाजू घ्यायला जीभ उचलेना, आणि नवऱ्याला तिच्यासमोर नावं ठेवायलाही उचलेना. आत जाऊन पाण्याचा गडवा आणला, तोवर ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी शेठना म्हटलं, मला कोहमाऱ्याला डॉक्टरकडं जायचं आहे, सोडाल का? धडधडीत खोटं. शेठ रागात होते, मान हलवली. यांनी मात्र आरशातून माझ्याकडं पाहिलं. कोणता आजार, हे विचारायचं होतं त्यांना, पण शेठ बाजूला बसलेले.

दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. रंजिता बाहेर उभी, डोळे सुजलेले. कुसुमबाई आत खुर्चीवर, पदराचं टोक मुठीत. रंजिता माझ्याकडं पाहून "मावशी" एवढंच म्हणाली. मग डाग पाहायला वाकली. खूप वेळ पाहिलं.

"काकाजी," तिनं यांना विचारलं, "गाडीले काही लावलं होतं का? पॉलिश, तेल, काही?"

"मी काही नाही लावलं," हे म्हणाले. "मी गाडी फक्त पान्यानं पुसतो. मले का विचारते? तुया मालाले विचार."

आणि ते खोटं बोलत नव्हते. हाथा म्हणजे 'लावणं' हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पूजा ती पूजा. त्याला कोणी 'गाडीला काही लावलं' म्हणतं का? मलाही सुचलं नाही, मग त्यांना कसं सुचावं?

शेठ फोन काढून व्हिडिओच्या तयारीत. रंजिता म्हणाली, "शेठजी, एकदा धुवून पाहतो. मग तुमी म्हनाल तसं." तेवढ्यात शेठच्या डोक्यात वेगळंच आलं. ते यांच्याकडं वळले. "एक सांग चैनलाल. गोंदियाचा तो दुकानवाला तुला कुठं भेटला? पिवळं पडणार हे तुला आधीच कसं माहीत? तू महिनाभर माझ्या मागं लागला होता, पिवळी पडल, पिवळी पडल. त्याच्याकडून चहापाणी तर नाही ना घेतलं यार? त्याचा धंदा वाढावा म्हणून तूच काही फासलं असशील!"

हे पांढरे पडले. जन्मभर दुसऱ्यावर संशय घेणारा माणूस, त्याच्यावर कोणी घेतला तर बोलता येईना. "शेठ... मी... मी कायले..." एवढंच. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. समजू दे, म्हटलं, कसं वाटते ते.

रंजितानं बोनेटवर काहीतरी पातळ औषध मारलं आणि मऊ कापडानं पुसत गेली. पसरट पिवळेपणा हळूहळू फिका झाला. आम्ही सगळे वाकलो. पुसून पुसून वरवरचं निघून गेलं आणि मधात जे मुरलं होतं तेवढं राहिलं. मी तिरपी उभी होते, म्हणून मला आधी दिसलं.

हात होता तो. तळहात, अंगठा, बोटं. आणि मधलं बोट अर्धं.

त्या हाताला मी ओळखणार नाही तर कोण ओळखेल? घर बांधलं तेव्हाचा तसाच हाथा माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर आहे. इतकी वर्षं रोज सकाळी चूल पेटवताना मी तो पाहते. दसऱ्याची हळद! सगळ्या गाड्यांवरून निघून जाते, पण या पन्नीत मुरून बसली. रंगात मुरत नाही, पन्नीत मुरली. ही एवढी साधी गोष्ट, आणि त्यापायी एक पोरगी जेवली नव्हती.

"हा तर हात दिसतो कोणाचा तरी," शेठ म्हणाले. आणि लगेच रंजिताकडं, "तुझाच असेल! लावताना हाताचं काही तरी आत राहिलं!"

रंजितानं आपला पंजा बाजूला धरला. लहान, बारीक, पाची बोटं पूर्ण. शेठनं पंजा पाहिला. पण त्यांचा राग कुठंतरी जायला पाहिजे होता. "ते मला माहीत नाही. पन्नी डागाळली म्हणजे पन्नीच खराब. काढ ती. आत्ताच्या आत्ता बोनेटची सगळी फाडून काढ, मी त्याचाच व्हिडिओ घेतो."

मी यांच्याकडं पाहिलं. यांनाही दिसलं होतं. कसं नाही दिसणार? ज्या माणसाला पन्नीचा काठ शोधायचा असतो, त्याला स्वतःचं अर्धं बोट दिसणार नाही? आणि मी पाहते तर काय, यांनी उजवा हात हळूच पँटच्या खिशात घातला.

खिशात घातला हो! माझ्यासमोर.

शेठचा आळ आत्ताच येऊन गेलेला. आता हात दाखवला तर शेठ म्हणणार, बघा, यानंच फासलं. नोकरी गेली. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. आणि तरीही माझ्या मनात जे आलं, ते इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं. हा माणूस असा आहे का? खिशात हात ठेवून हा त्या पोरीचं दुकान बुडू देईल का? माझं तोंड उघडलं होतं. 'हात काढा' हे दोन शब्द जिभेवर होते. पण मी ते बाहेर येऊ दिले नाहीत. मला पाहायचं होतं. डोळ्यानं पाहायचं होतं.

रंजितानं ब्लेड घेतलं. कुसुमबाई उठून दारात आली. रंजितानं बोनेटच्या कडेला, जिथं तिनं काठ आत मोडला होता तिथं, ब्लेडचं टोक नेलं.

"थांब, पोरी," हे म्हणाले.

हात खिशातून काढला. पुढं आले. आणि बोनेटवरच्या त्या पिवळ्या हातावर आपला हात ठेवला. अंगठ्यावर अंगठा, बोटावर बोट, अर्ध्यावर अर्धं. तसूभरही इकडंतिकडं नाही.

"शेठ, हा माहा हात हाय. दसऱ्याचा हाथा. माह्या मनातबी नव्हतं आलं. फासलं नाही, पूजा केली. आता तुमाले खरं वाटल तं वाटल."

रस्त्यानं टिप्पर धडधडत जात होते. कुसुमबाईच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं आणि मला तिचा पदर दिसेनासा झाला, कारण माझेही भरून आले होते.

शेठ यांच्याकडं पाहत राहिले. मग हाताकडं. मग पुन्हा यांच्याकडं. "खिशात कशाला घातला होता रे?" त्यांनी विचारलं. शेठ रागीट असतील, आंधळे नाहीत.

"भेलो, शेठ."

शेठनं फोन खिशात टाकला. रंजिताला म्हणाले, "ए पोरी, ठेव ते ब्लेड. हा डाग जाईल का?"

रंजिता आईकडं वळली. कुसुमबाईच बोलली, डोळे पुसत, "शेठजी, लुगड्यावरची हळद उन्हात टाकली का जाते. नकली असंल तं उन्हात अजून पिवळी पडंल. हळद असंल तं जाईल."

"ठीक आहे," शेठ म्हणाले. "गाडी इथंच राहील. दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात. डाग जाईपर्यंत. आणि चैनलाल, तूही इथंच उभा राहायचा. येणारा जाणारा विचारल, हे काय झालं. तूच सांगायचं. मी माझ्या तोंडानं नाही सांगणार."

ते टमटमनं सौंदडला गेले. एवढ्या मोठ्या गाडीचा मालक, टमटममध्ये कोंबून. मी पण त्याच टमटममध्ये होते. वाटेत ते एकदाच बोलले. "बाई, तुमचा डॉक्टर राहिला." मी म्हटलं, "बरं वाटून राहिलं आता."

मग काय विचारता! कोहमाऱ्याच्या चौकात पांढरी मोठी गाडी, बोनेटवर पिवळा हात, आणि बाजूला बादलीवर बसलेले आमचे घरचे. ट्रकवाले थांबायचे, ढाब्यावरचे यायचे, मिलवाले मुद्दाम गाडी वळवून यायचे. "का झालं जी?" आणि जो माणूस दुसऱ्याचं ऐकत नव्हता, तो प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायचा. हाथा माझा. हळद माझी. पन्नीचा दोष नाही. कोणी मानायचं नाही, तर आपला हात ठेवून दाखवायचे. लोक हसायचे. काही लोक हसून झाल्यावर आत जाऊन रंजिताला विचारायचे, आमच्या गाडीला कधी लावून देशील?

आणि हात फिका होत गेला. आधी तळवा गेला, मग अंगठा. यांचा तरी विश्वास कुठं! रोज सकाळी हात ठेवून पाहायचे, खरंच कमी झाला का भास आहे म्हणून.

एके दुपारी मी डबा घेऊन गेले. बोनेटवर जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. आत रंजिता एका नव्या गाडीला पन्नी लावत होती आणि कुसुमबाई तिला पाण्याची बादली भरून देत होती. माझ्याकडं पाहून कुसुम हसली, खूप दिवसांनी. मी यांच्या बाजूला बसले.

"तुले कवा समजलं होतं?" यांनी विचारलं. माझ्याकडं न पाहता.

"तुमच्या आधी."

"मंग बोलली काऊन नाही?"

"हात खिशात घातला ना तुम्ही. मले पाहाचं होतं, काढता का नाही."

यांनी डबा मांडीवर ओढला. "अन् नसता काढला तं?"

उत्तर मला माहीत होतं. मी बोलले असते, पोरीला वाचवलं असतं, आणि त्या दिवसानंतर हा माणूस माझ्यासमोर जेवायला बसला, की मी त्याच्या हाताकडं पाहत राहिले असते. त्यानं ब्लेड थांबवलं नव्हतं तेवढा वेळ मी त्याच्यावर संशय घेतला. तेवढाच वेळ. आणि तेवढाही मला सोसवला नाही. हा माणूस बोट गेल्यापासून रोज तसा जगतो, हे मला त्या दिवशी समजलं.

यांनी डबा उघडला. भात होता, वाटाण्याची भाजी होती. वास घेतला नाही, बोटानं भाजी उलटीपालटी केली नाही. खाली मान घालून मुकाट्यानं जेवायला लागले.

आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. यांची तब्येत बरी आहे ना?